सदऱ्यावरचा पंजा

इस्त्रीखोलीत त्या दिवशी मुंगी शिरायला जागा नव्हती. लांब टेबलाभोवती बायकांच्या रांगा, रांगांमागे उलट्या बादल्यांवर चढलेल्या बायका आणि दारात छडी काखेत मारून उभी असलेली जमादारीण. एरवी दोघी कैदी कुजबुजल्या तरी अंगावर धावून येणारी ही बाई, पण आज तीही टाचा उंचावून बघत होती. टेबलावर जाड कांबळं, कांबळ्यावर पांढऱ्या सदऱ्यांची चळत आणि चळतीपुढे आईजी.

आईजींचे डोळे मिटलेले होते. मिटलेल्या पापण्यांतूनही त्यांना हवं ते बरोबर दिसत असावं, कारण त्यांचा हात कधी इकडचा तिकडे पडला नाही. एक सदरा पुढे सरकवला जाई. आईजी वाटीतलं पाणी त्यावर शिंपडत, उजवा हात शालीत घेऊन कपाळाला लावत, मग तो तळवा सदऱ्याच्या छातीवर दाबून म्हणत, "वरच्या आई, तुझ्या लेकरांत खोटं कोण ते तूच दाखव." त्यानंतर तापलेली इस्त्री त्या जागेवर फिरू लागे. वरच्या आईचं नाम म्हणून संपेपर्यंत ती दुसरीकडे न्यायची नाही, असा दंडक होता. नाम चांगलंच लांबलचक होतं.

बरेच सदरे कोरे निघाले. ज्यांचे निघाले त्या सुस्कारा टाकून भिंतीशी जाऊन बसल्या आणि पुढच्या तमाशाची वाट बघू लागल्या. मग एका सदऱ्यावर इस्त्रीखालून पिवळसर सावली वर आली. सावली तपकिरी झाली. आधी तळवा उमटला, मग बोटं. नाम संपलं तेव्हा सदऱ्याच्या छातीवर कुणीतरी सणकून हात मारावा तसा भाजका पंजा उमटला होता.

जमादारणीने कॉलर उलटून आत शिवलेला नंबर वाचला. नंबर भट्टीवालीचा होता.

भट्टीवाली मागे खांबाला टेकून उभी होती. चादरी उकळायच्या मोठ्या भट्टीवर तिचं काम, म्हणून हे नाव. खरं नाव फक्त तिची म्हातारी आई घेत असे, तेही भेटीच्या जाळीपलीकडून. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. पुढच्या दोघी अंग चोरून बाजूला झाल्या.

"कात्री मी घेतलेली नाही," ती म्हणाली.

"बाळा," आईजी डोळे न उघडता मधाळपणे म्हणाल्या, "तू घेतलीस असं मी कुठं म्हणते? तुझा सदरा म्हणतोय."

कात्री रफूच्या टेबलावरची. बाहेरच्या जगात कात्री हरवली तर माणूस चार कपाटं धुंडाळतो आणि नवी आणतो. तुरुंगात कात्री हरवली की सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळतं. ती दोरीने टेबलाला बांधलेली असते, संध्याकाळी जमादारीण तिला हात लावून बघते आणि मगच बराकींना कुलपं लागतात. त्या संध्याकाळी दोरी होती आणि कात्री नव्हती. बराकी उलट्यापालट्या झाल्या, गाद्या उसवल्या, भेटी बंद झाल्या. कात्री काही मिळेना. मग अधीक्षक मॅडमना आईजींची आठवण झाली.

आता खरं म्हणजे, अख्ख्या इमारतीत शिक्षा झालेल्याच बायका भरलेल्या असताना त्यांच्यात पापी कोण हे शोधायला स्वर्गातून मदत मागवणं जरा जास्तच झालं. पण आईजींपुढे हे बोलायची सोय नव्हती. बाहेर त्यांचा मठ होता, गाड्या होत्या, भक्त होते. वरची आई त्यांच्या कानात रोज येऊन जगाचं भविष्य सांगायची. पोलीस दारात आलेत, एवढंच तेवढं सांगायचं तिच्याकडून राहून गेलं. आत आल्यावर त्यांनी जाहीर केलं की आपण अन्नाचा कणही घेत नाही, निव्वळ दुधावर जगतो. मॅडमनी हात जोडले आणि रोज सकाळ-संध्याकाळ आईजींसाठी पेला भरून दूध सुरू झालं. बाकी कुणाला आजारपणातसुद्धा दूध दिसायची मारामार.

इस्त्रीखोलीत त्या शिरल्या त्या उवांच्या पाठोपाठ. भट्टी सगळ्या कपड्यांना पुरायची नाही. तिच्यात चादरी उकळायच्या आणि सदरे नुसते हौदावर धुऊन निघायचे. शिवणीत दडलेल्या उवा तेवढ्याने मरत नाहीत, म्हणून डॉक्टरीणबाईंनी नियम घातला होता की धुतलेल्या प्रत्येक सदऱ्याच्या शिवणींवर तापलेली इस्त्री फिरवायची. उवांवर हा उपाय जालीम होता. आईजींनी त्यात देव घातला. "कपडा माणसाच्या कातड्याला लागून असतो, त्याला सगळं ठाऊक असतं," असं त्या म्हणू लागल्या, आणि थोड्याच दिवसांत पहिला पंजा उमटला. तो एका बाईने साबण चोरल्याबद्दल होता. दुसरा, एकीने दुसरीचं स्वेटर लांबवल्याबद्दल. दोघींनी रडत कबुली दिली. तेव्हापासून पहिलीला साबणवाली आणि दुसरीला स्वेटरवाली ही नावं कायमची चिकटली, आणि आईजींच्या पायाशी रांगा लागल्या.

भट्टीवालीचं आणि आईजींचं वाजलं होतं ते कांबळ्यावरून. कपडेकोठीही भट्टीवालीच सांभाळायची, आणि कोठीचा नियम साधा होता. एक जुनं द्या, एक धुतलेलं घ्या. आईजींनी निरोप धाडला, दोन जादा कांबळी पाठव. तिने उलट निरोप दिला, दोन जुनी पाठवा. आईजी त्यावर फक्त हसल्या. बराकीत त्या हसण्याची फार तारीफ झाली.

मॅडमच्या खोलीत भट्टीवालीला उभं केलं तेव्हा काही दिवस घरी जाऊन यायच्या रजेचा तिचा अर्ज टेबलावरच होता. मंजूर झालेला. फक्त मॅडमची सही राहिलेली. म्हातारीचे डोळे झपाट्याने चालले होते. मागच्या भेटीला भावाने तिला धरून आणलं, तेव्हा जाळीला नाक लावून ती म्हणाली होती, "दिसतंय तोवर एकदा उजेडात तुझं तोंड बघू दे गं. या जाळीतून नुसते चौकोन दिसतात." त्या दिवसापासून भट्टीवाली या एका सहीवर जगत होती.

"कात्री दे आणि रजेवर जा," मॅडम म्हणाल्या. "मी पुढे काही वाढवणार नाही."

"नाही ती कुठून देऊ?"

"पंजा तुझ्या सदऱ्यावर आलाय."

"आला असेल. कात्री मी घेतली नाही. म्हणजे मग पंजा खोटं बोलतोय."

मॅडमनी चष्मा काढला. "हे बघ, तू काही साधुसंत नाहीस. दिराचं डोकं फोडून आली आहेस."

"हो, फोडलं," भट्टीवाली म्हणाली. "रोज मारायचा, एक दिवस मी मारलं. न्यायाधीशांनी विचारलं, मी पहिल्याच दिवशी हो म्हटलं. जे केलं त्याची शिक्षा मान खाली घालून भोगतेय. जे केलं नाही त्याला मात्र हो म्हणणार नाही, मॅडम. मग रजा गेली तरी चालेल." चालणार अजिबात नव्हतं. ते मॅडमना कळू नये म्हणून तिने आवाज चढवला.

मॅडमनी सही केली नाही. उलट, कबूल करेपर्यंत तोच सदरा घालून फिरायचं, बदलून मिळायचा नाही, असा हुकूम दिला. कोठीचं काम आईजींच्या एका चेलीकडे गेलं, आणि त्याच दिवशी आईजींना दोन जादा कांबळी मिळाली.

छातीवर पंजा घेऊन वावरणं म्हणजे काय, ते तिला तेव्हा कळलं. जेवणाच्या पंगतीत तिच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. हौदावर तिच्या बादलीला कुणी शिवेना. जिच्या पोरीसाठी तिने चिंध्यांतून बाहुली शिवून दिली होती, तीसुद्धा तिला बघून रस्ता बदलू लागली. भट्टीवालीला दुःख व्हायला हवं होतं, झालंही, पण त्याहून जास्त तिचं डोकं तापलं. या सगळ्या इमारतीत, ती विचार करत होती, मी एकटी अशी आहे की जिला पक्कं माहीत आहे, पंजा चुकला. मग लगेच तिच्या मनात आलं, खरंच मी एकटीच आहे का?

ती थेट साबणवालीपाशी जाऊन बसली. साबणवाली हौदाच्या कडेला पायजमे पिळत होती. ती उठायला लागली, तशी भट्टीवालीने ओल्या पायजम्याचं दुसरं टोक धरलं. पिळायला दोघी लागतातच, त्यामुळे तिला जाता येईना.

"तू साबण घेतला होतास?"

"सगळ्यांना माहीत आहे की."

"सगळ्यांचं सोड. तू घेतला होतास का?"

साबणवालीने पायजम्याला उगाचच आणखी दोन पीळ दिले. पाणी केव्हाच निघून गेलं होतं. "नव्हता घेतला," ती खालच्या आवाजात म्हणाली.

"मग कबूल कशाला केलंस?"

"पंजा पडला ना. मला वाटलं, साबण नसेल घेतला, पण दुसरं काहीतरी केलं असेल. पाप काय, शोधलं की निघतंच. वरची आई एवढी मोठी, ती चुकेल का? माझंच काहीतरी चुकलं असेल म्हटलं."

स्वेटरवालीनेही तेच सांगितलं. फक्त तिने आधी चार शिव्या दिल्या आणि मग रडली. दोघींना वाटत होतं, आपल्या एकटीच्याच बाबतीत घोटाळा झालाय, बाकीच्या नक्की चोर असणार. दोघी महिनोन्महिने एकमेकींकडे चोर म्हणून बघत आल्या होत्या. भट्टीवालीला तेव्हा आईजींची खरी विद्या कळली. इथे प्रत्येकीच्या पोटात काही ना काही सलतंय, हे त्या बाईने ओळखलं होतं. डाग कुणाच्याही अंगावर टाका, बिचारी त्याचं कारण स्वतःच शोधून देते.

पण डाग येतो कुठून, ते अजून कळत नव्हतं. ते सांगितलं वासाने. तो सदरा दिवसभर तिच्या नाकाखाली होता, आणि घाम आला की त्या पंजाला एक वास सुटायचा. आईजींच्या चेल्या त्याला पापाची दुर्गंधी म्हणायच्या. भट्टीवालीला मात्र तो वास आला की घर आठवायचं, चूल आठवायची, आईची हाक आठवायची, आणि हे असं का होतंय याचा तिलाच राग यायचा. त्या दिवशी हौदावर तिने सदऱ्याची छाती मुठीत धरून नाकाशी नेली आणि डोळे मिटून नीट हुंगलं. उतू जाऊन पातेल्याबाहेर करपलेलं दूध. इतकी वर्षं उतू गेलेलं दूध कुणी बघितलंच नव्हतं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. दूध इथे एकाच बाईला मिळत होतं.

दवाखान्याचा वार होता. डॉक्टरीणबाई एका बाईच्या हाताला पट्टी बांधत होत्या. भट्टीवालीने आपली बारी येईपर्यंत धीर धरला आणि मग विचारलं, "डॉक्टर, आईजींना दूध तुम्ही लिहून दिलंत?"

"मी? मी का देईन? त्यांचं वजन वाढतंय. निव्वळ दुधावर वजन वाढणारी ही माझी पहिलीच पेशंट." मग त्यांनी तिच्या छातीकडे बघितलं. "हाच का तो प्रसिद्ध पंजा?"

"वास घ्या."

डॉक्टरीणबाईंनी आधी कपाळाला आठी घातली. मग पुढे झुकून वास घेतला आणि आठी गेली. त्या उठल्या, त्यांच्या चहासोबत आलेलं दूध वेगळ्या पेल्यात होतं, त्यात बोट बुडवलं आणि कापडी पट्टीच्या तुकड्यावर एक रेघ ओढली. रेघ ओली दिसली, वाळत आली तशी नाहीशी झाली. मग सुया उकळायच्या गरम पत्र्यावर त्यांनी ती पट्टी धरली. पट्टी पांढरीच राहिली, आणि तिच्यावर हळूहळू तपकिरी रेघ उमटली.

"दुधात साखर असते, आणखीही काही घटक असतात," त्या म्हणाल्या. "कापूस करपायच्या कितीतरी आधी ते करपतात. लिंबाचा रस घेतलास तरी हेच होईल. पांढऱ्यावर पांढरं, त्यावर पाणी शिंपडलेलं, म्हणजे दिसायचा प्रश्नच नाही. फक्त इस्त्री एका जागी बराच वेळ हवी."

"नाम लांब आहे," भट्टीवाली म्हणाली.

"नाम लांब आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि दोघींना हसू आवरेना.

दोघी मिळून मॅडमकडे गेल्या. मॅडमनी पट्टी बघितली, उलटीपालटी केली आणि दूर सारली. फसल्याचं कळलं की माणसाला आधी फसवणाऱ्याचा राग येत नाही. सांगणाऱ्याचा येतो.

"असेलही," त्या म्हणाल्या. "पण पंजा सुरू झाल्यापासून इथल्या चोऱ्या थांबल्यात. शिस्त आहे, बायका घाबरून असतात."

"चोऱ्या नाही थांबल्या, मॅडम," भट्टीवाली म्हणाली. "तक्रारी थांबल्यात. जिची वस्तू जाते तीच गप्प बसते, उगाच चौकशी नको, पंजा आपल्यावरच पडायचा."

मॅडमनी अर्ज पुढे ओढला. "मी सही करते. कात्रीबद्दल तुझ्याविरुद्ध पुरावा नाही, असं लिहिते. उद्याच जा. एकच अट. हे दुधाचं बराकीत बोलायचं नाही. मी आईजींना समज देईन."

पेन कागदाच्या वर थांबलं होतं. भट्टीवालीच्या जिभेच्या टोकावर हो येऊन उभा होता. उद्या गाडी, परवा घर, अंगणातला उजेड आणि आईचे हात. एक शब्द बोलायचा आणि नंतर गप्प राहायचं, एवढंच तर होतं. पण आपण गेलो की बराकीत काय म्हणतील, तेही तिला दिसत होतं. आईजींनी माफ केलं, म्हणतील. आणि पुढच्या आठवड्यात आणखी कुणाचा तरी नंबर निघेल, ती रात्रंदिवस आपलं पाप शोधत बसेल. जो चेहरा आईला उजेडात दाखवायचा, तो खाली घालून कसा न्यायचा?

"नको, मॅडम," ती म्हणाली. "असली सही नको." आणि ती बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी कपडेबदल होता. त्या दिवशी सगळ्या बराकी अंगणात येतात, जुने कपडे टाकतात आणि धुतलेले घेतात. मॅडम हजर असतात, दवाखानाही अंगणातच लागतो. इस्त्रीचं टेबल बाहेर काढलेलं होतं आणि आईजी त्यामागे बसल्या होत्या, पायांवर तिसरं कांबळं.

भट्टीवाली रांग सोडून सरळ टेबलापाशी गेली. "आईजी, माझी पुन्हा परीक्षा घ्या. सगळ्यांसमोर. हा कोरा सदरा. पण आधी या बादलीत हात धुवा, आणि शाल काढून बाजूला ठेवा."

आईजींनी स्मित केलं. "बाळा, शक्ती परीक्षा देत नसते. परीक्षा मागणाऱ्याचं वाईट होतं, असं शास्त्र आहे."

"माझं अजून काय वाईट व्हायचं राहिलंय? तुरुंगात आहे, रजा गेली, कुणी शेजारी बसत नाही. आता हात धुवा."

"शाल म्हणजे माझं कवच आहे. ती उतरवली तर इथे अनर्थ होईल. भिंती कोसळतील."

"भिंती कोसळल्या तर बऱ्याच आहेत की," मागून स्वेटरवाली म्हणाली, आणि अंगणात खसखस पिकली. जमादारणीलाही तोंड फिरवावं लागलं.

आईजींनी मॅडमकडे बघितलं. मॅडम बादलीकडे बघत होत्या. "आज वरची आई माझ्यात नाही," आईजी म्हणाल्या. "तिला तुमचा संशय सहन झाला नाही."

"ती नसली तरी चालेल. मी दाखवते." भट्टीवालीने डॉक्टरीणबाईंच्या टेबलावरचा दुधाचा पेला उचलला. "मॅडम, तुमचा रुमाल द्या."

मागितलं तर दिलाच पाहिजे असं काही नव्हतं. पण शेकडो डोळे बघत होते, आणि त्यातले निम्मे अजून आईजींवर विश्वास असलेले होते. मॅडमनी रुमाल दिला. धुतलेला, पांढरा, कडक. भट्टीवालीने रुमालावर पाणी शिंपडलं, तळवा दुधात बुडवला, निथळू दिला आणि रुमालावर दाबला. "नाम म्हणा गं सगळ्याजणी," ती म्हणाली. "मोठ्याने म्हणा. मधे सोडू नका."

काही जणींनी भीतभीत म्हटलं, मग बाकीच्यांनी. इस्त्री फिरत राहिली. नाम अर्ध्यावर आलं तेव्हा रुमालावर पिवळी सावली आली, आणि संपलं तेव्हा अधीक्षक मॅडमच्या रुमालावर पाच बोटांचा पंजा होता.

भट्टीवालीने तो दोन्ही हातांनी उंच धरला. "मॅडम, कात्री तुम्ही घेतलीत का?"

कुणी हसलं नाही. हसायची भीती वाटत होती. हळूहळू पुढच्या रांगेतली एक हसली, मग एकदम सगळं अंगण. डॉक्टरीणबाई पुढे झाल्या आणि त्यांनी आईजींच्या अंगावरच्या शालीचा काठ धरून उलटला. आतल्या पदरात कापसाचा बोळा शिवलेला होता, ओला, आंबूस वासाचा. कपाळाला हात लावायच्या आधी आईजी शालीत हात का घालायच्या आणि हवा तो सदरा आला की तिथेच बोळा कसा दाबायच्या, ते आता आंधळ्यालाही दिसलं असतं.

"मी साबण घेतला नव्हता," साबणवाली रांगेतून म्हणाली. सुरुवातीला पुटपुटली, मग परत, मोठ्याने. "ऐकलंत का? नव्हता घेतला. तुम्ही मला इतके दिवस चोर म्हणालात."

"मीही नाही," स्वेटरवाली म्हणाली. "आणि आता मला त्या नावाने हाक मारणारीचे दात घशात घालीन."

तेवढ्यात रफूच्या टेबलावरची आजी काठी टेकत पुढे आली. "पोरी," ती भट्टीवालीला म्हणाली, "कात्री माझ्याच हातून गेली असणार. त्या दिवशी दोरी कुजून तुटली, आणि मी बाद कपडे चिंध्यांसाठी गाठोड्यात बांधत होते. कात्री कपड्यांवरच होती. माझ्या मनात आलं होतं, सांगावं."

"मग सांगितलं का नाहीस, आजी?"

"तुझ्यावर पंजा पडला. मग मलाच माझं खरं वाटेना. म्हटलं, देवाला जास्त कळणार की मला?" आजी रडायला लागली.

चिंध्यांची गाठोडी कोठीच्या कोपऱ्यात पडलेली होती, पोछे करायला अजून कुणी नेली नव्हती. जमादारीण आजीला आणि भट्टीवालीला घेऊन गेली. दुसऱ्याच गाठोड्यातून, एका फाटक्या पायजम्याच्या घडीतून, कात्री निघाली. सगळ्यांच्या गाद्या उसवल्या गेल्या, पण चिंध्यांत कुणी हात घातला नव्हता. पंजाने चोर दाखवल्यावर शोध कशाला करायचा?

भट्टीवाली टेबलावर चढली. आपण काय बोलणार आहोत हे तिने ठरवलं नव्हतं. "ऐका," ती म्हणाली. "आपण चुका केल्या म्हणून इथे आलो. त्याची शिक्षा मोजून मिळाली आहे, तिच्यावर एक दिवससुद्धा जास्त द्यायचा हक्क कुणाला नाही. देवाचं नाव घेऊन कुणी सांगितलं की तू चोर, तर विचारा, कशावरून? बघितलं कुणी? वस्तू कुठे सापडली? तुमचं मन म्हणत असेल की मी केलं नाही, तर ते दाबून टाकू नका, बोला. आणि शेजारणीवर पंजा पडला तर तिच्यापासून लांब सरकू नका, जवळ जाऊन तिलाच विचारा. मी साबणवालीला विचारलं नसतं तर आज आपण सगळ्या त्या शालीच्या पाया पडत असतो."

मॅडमनी अर्ज तिथेच, इस्त्रीच्या टेबलावर ठेवून सही केली. रुमाल मात्र त्यांनी परत मागितला नाही. आईजींचं दूध दुसऱ्या दिवसापासून बंद झालं आणि ते दवाखान्यातल्या आजारी बायकांना मिळू लागलं. अन्नाचा कणही न घेणाऱ्या आईजींनी पहिल्याच पंगतीत दोनदा वाढून घेतलं, असं बघणाऱ्या सांगतात.

रजेच्या सकाळी जमादारीण तिला फाटकापर्यंत सोडायला आली. घरचे कपडे अंगावर ढगळ झाले होते. पलीकडे भाऊ रिक्षा थांबवून उभा होता. जमादारणीने किल्ली कुलपात घातली, पण फिरवली नाही.

"खरं सांग हं," ती हळूच म्हणाली. "आता आपण दोघीच आहोत. त्या बाईत काहीतरी असेलच ना? एवढ्या बायका उगाच पाया पडत होत्या? मॅडमसुद्धा?"

भट्टीवालीने तिच्याकडे बघितलं. चिडावं की हसावं, ते तिला कळेना.

"बाई, उद्या तुमच्या मुलीवर कुणी चोरीचा आळ घेतला, तर तुम्ही काय मागाल? पुरावा मागाल की पंजा?"

"पुरावाच की," जमादारीण म्हणाली.

"मग दुसऱ्याच्या मुलीलाही तेच द्या. आता दार उघडा. माझ्या आईचे डोळे थांबायचे नाहीत."